बातमीदाराचा फोन आला, आता संशोधकाने काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी नागपूरला पीएचडी करतेय. जिल्ह्यातल्या काही गावांतल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, यावरचा माझा पेपर नुकताच प्रसिद्ध झाला. एका मराठी दैनिकाच्या बातमीदाराचा फोन आला होता. गाइड म्हणतात, पेपरवाल्यांच्या नादी लागू नकोस, ते काहीही छापतात. पण ज्या गावांतून पाणी भरून आणलं, त्या लोकांना हे कळायला हवं असं मला वाटतं. बोलू का? आणि बोलायचं तर काय सांभाळू?"

बोला. मी नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत काम करते आणि बातमीदारांशी बोलण्याची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. तुमच्या गाइडची काळजी मला समजते, पण "ते काहीही छापतात" हे मला पटत नाही. विज्ञानाची बातमी बहुतेक वेळा बिघडते ती आपल्या बाजूला, बातमीदाराच्या हातात जाण्याआधी. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं आहे. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेल्या आरोग्यविषयक ४६२ प्रेसनोट त्यांनी घेतल्या आणि मूळ पेपर, प्रेसनोट आणि छापून आलेल्या बातम्या शेजारी ठेवून तपासल्या. २०१४ च्या डिसेंबरात ते संशोधन 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. मूळ पेपरात नव्हता इतका थेट सल्ला ४० टक्के प्रेसनोटांत होता. नुसता संबंध दिसला असताना 'यामुळे ते होतं' असं ३३ टक्क्यांत म्हटलं होतं. प्राण्यांवरचे निष्कर्ष ३६ टक्क्यांत माणसांना लावून टाकले होते. प्रेसनोट फुगवलेली असली की बातमीही बहुधा फुगलेली निघायची, आणि प्रेसनोट संयमाने लिहिलेली असली की बातमीतली अतिशयोक्ती एकदम कमी व्हायची. फुगवल्यामुळे बातमी जास्त ठिकाणी छापून आली, असंही काही दिसलं नाही.

म्हणून तुमचं खरं काम बातमीदाराला परत फोन करण्याआधीचं आहे. त्याला एक-दोन तास लागतील. ते द्या.

सुरुवात एका प्रश्नापासून करा: बातमी वाचून झाल्यावर त्या गावातली बाई सकाळी विहिरीवर गेली, तर तिने वेगळं काय करायचं? बातमीदार हेच विचारणार आहे, "मॅडम, थोडक्यात सांगा, पाणी प्यायचं की नाही?" या प्रश्नाने आपल्यातले पुष्कळ जण वैतागतात, कारण आपल्या पेपरात त्याचं उत्तर नसतं. पण वाचकाचा प्रश्न तोच असतो. गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातल्या तीन वाघांचा आणि एका बिबट्याचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचं २०२५ च्या जानेवारीत समोर आलं. बातमी वाघांची होती, पण नागपुरातल्या घराघरांत चर्चा होती ती कोंबडी आणि अंडी खायची की नाही याची. ज्या बातम्यांत "नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही" हे वाक्य होतं, त्या वाचकाच्या उपयोगी पडल्या. ज्यांत नव्हतं, त्या नुसती धास्ती देऊन गेल्या.

नायट्रेटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही काही सांगितलं नाही तर डेस्कवरचा उपसंपादक सवयीने शेवटी एक ओळ जोडेल: "नागरिकांनी पाणी उकळून प्यावे." कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइडच्या प्रत्येक बातमीखाली ती ओळ असते आणि तिथे ती बरोबर असते. नायट्रेटला ती उलटी पडते. उकळल्याने नायट्रेट उडून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट खालीच राहतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी फिरवून काही होत नाही, ब्लीचिंग पावडर टाकूनही नाही. आरओने कमी होतं, आयन-विनिमयाच्या यंत्रणेने होतं, नाहीतर दुसरा सुरक्षित स्रोत शोधावा लागतो. तुमच्या सगळ्या पेपरातून वर्तमानपत्रात एकच वाक्य जाणार असेल, तर ते "उकळल्याने नायट्रेट जात नाही" हे जावं असं मला मनापासून वाटतं. ते फोनवर सांगा, लिहून पाठवा आणि फोन ठेवताना पुन्हा सांगा.

दुसरं वाक्य तान्ह्या बाळांचं. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो, त्यातही पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवून दिलं जातं त्यांना. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यापासून रोखतं आणि बाळ निळसर पडतं. अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका डॉक्टरने १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा दाखवला. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचं पाणी द्यायची गरजच नसते. म्हणजे गावात पोचवायचा निरोप सोपा आहे: सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पावडरचं दूध द्यावंच लागत असेल तर ते तपासलेल्या पाण्यात. आशाताई हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत, तुमच्या बातमीने त्यांच्या बोलण्याला बळ मिळेल. बातमीत त्यांचा उल्लेख यावा, असं बातमीदाराला सुचवा.

आता तुमचा अभ्यास काय म्हणत नाही, तेही आधी कागदावर उतरवा. इथे तीन जागा अशा आहेत की बातमीदार हमखास तिथे बोट ठेवेल.

पहिली जागा कारणाची. मथळा जवळजवळ तयारच असतो: "रासायनिक खतांमुळे विहिरी विषारी". युरियातून नायट्रेट येतं हे खरं आहे. पण गोठ्यातल्या शेणमुतातून, उकिरड्यातून, विहिरीशेजारच्या संडासाच्या टाकीतूनही ते येतं. नायट्रोजनच्या समस्थानिकांची (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची) तपासणी किंवा तशीच एखादी ठोस चाचणी तुम्ही केली नसेल, तर अमुक विहिरीतलं नायट्रेट युरियाचंच, असं तुम्हाला म्हणता येत नाही. मग तसं स्पष्ट सांगा: "खत, गोठा, सांडपाणी यांपैकी वाटा कोणाचा किती, हे आम्ही या अभ्यासात तपासलेलं नाही." बातमीदाराला हे वाक्य चालतं. त्याला चालत नाही ते "याबद्दल आताच काही सांगणं उचित होणार नाही" अशा प्रकारचं वाक्य, कारण त्यातून वाचकाच्या हाती काही पडत नाही. आणि शेतकऱ्यावर विनापुरावा ठपका येणं ही आपल्या विदर्भात हलकी गोष्ट नाही. आधीच कर्ज, भाव, अळी यांनी पिचलेल्या माणसाला "तूच गावाचं पाणी नासवलंस" असं पेपरातून ऐकवलं जाऊ नये, हे आपण पाहायला हवं.

दुसरी जागा कॅन्सरची. हा प्रश्न येतोच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, शरीरात नायट्रोसो संयुगं (कर्करोगाशी संबंध असलेली रसायनं) बनू शकतील अशा परिस्थितीत पोटात जाणाऱ्या नायट्रेट-नायट्राइटला '२ए' गटात, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. याच '२ए'मध्ये २०१५ मध्ये रेड मीटही गेलं. नागपूरकराला हे चटकन समजतं, कारण सावजीचं मटणही रेड मीटच. तर "आमचा अभ्यास फक्त पाण्याचा आहे, आम्ही रुग्ण तपासलेले नाहीत, गावात कॅन्सर वाढला की नाही याबद्दल आमच्याकडे काही माहिती नाही," एवढं स्वच्छ सांगा आणि थांबा. "शक्यता नाकारता येत नाही" असं चुकूनही म्हणू नका. ती ओळ छापून येते तेव्हा तिचा अर्थ "होतो" असाच वाचला जातो.

तिसरी जागा आकड्यांची, आणि इथे चुका अगदी सहज होतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काही प्रयोगशाळा नायट्रेट न देता नायट्रेटमधला नायट्रोजन देतात, त्या मोजणीत हीच मर्यादा १० च्या आसपास येते. तुमच्या तक्त्यात १२ हा आकडा नायट्रोजन म्हणून लिहिला असेल, तर नायट्रेट म्हणून तो ५३ होतो, मर्यादेच्या वर. पण बातमीदाराने १२ आणि ४५ शेजारी ठेवले तर तो प्रामाणिकपणे "पाणी सुरक्षित" असं लिहील, आणि चूक तुमच्या तक्त्याची असेल. त्याला तक्ता देऊ नका. एकाच मापातला आकडा आणि त्याच मापातली मर्यादा द्या.

"तपासलेल्या विहिरींपैकी" हे शब्दही निसटू देऊ नका. शेतालगतच्या किंवा तक्रार असलेल्या विहिरी तुम्ही मुद्दाम निवडल्या असतील, तर त्यातली टक्केवारी सगळ्या तालुक्याला लागू होत नाही. नमुने उन्हाळ्यातले की पावसाळ्यानंतरचे, यानेही फरक पडतो. बातमीदाराला मोठं चित्र हवं असतं. ते त्याला दुसऱ्या, भक्कम ठिकाणावरून द्या. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत आपल्या विदर्भातले वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा आहेत. हे दिलंत की तुमच्या थोड्या विहिरींना जिल्हाभर ताणायची त्याला गरज उरत नाही.

यानंतर जे सांगणार आहे ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. बातमी छापून येण्याआधी गावाला कळवा. पाणी देताना त्या लोकांनी तुम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला असेल, विहिरीवर स्वतः सोबत आले असतील. त्यांच्या विहिरीचा निकाल त्यांना बसस्टँडवरच्या पेपरातून कळणं बरं नाही. सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, नाहीतर निदान फोन करा, आणि ज्याची विहीर त्याला त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला निकालाची प्रत पाठवा. बातमी आली की सगळे फोन त्यांनाच जाणार, आणि त्यांना आधी काहीच माहीत नसेल तर पहिली प्रतिक्रिया "असा कोणताही अहवाल आमच्याकडे नाही" अशी येईल. मग बातमी पाण्याची राहत नाही, तुमच्या आणि त्यांच्या भांडणाची होते. बातमीत गावाचं नाव द्यायचं का, यावर मी ठामपणे सांगेन: गावकऱ्यांना विचारून. संत्र्याच्या पट्ट्यातलं गाव असेल तर "या गावचं पाणी विषारी" हे व्यापाऱ्याच्या कानावर गेल्यावर काय होतं, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कधीकधी गावच म्हणतं, "नाव टाका, त्याशिवाय टाकी मंजूर होणार नाही." तो निर्णय त्यांचा असू द्या.

आता परवानगी. तुम्ही विद्यार्थिनी आहात, तेव्हा गाइड आणि सहलेखकांना न विचारता बोलू नका. त्यांना "बोलू का?" असं विचारण्याऐवजी "मी इतकंच बोलणार आहे" म्हणून टिपण पुढे ठेवा. नकार बहुतेक वेळा अनिश्चिततेतून येतो. लिहिलेलं समोर आलं की गाइडच त्यात दोन दुरुस्त्या सुचवतात आणि विषय पुढे सरकतो. संस्था केंद्र सरकारची असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे आचरण नियम लागू असतात. त्यातला आठवा नियम माध्यमांशी संबंधाचा आणि नववा सरकारवरच्या टीकेचा. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत. यातून व्यवहारात निघतं ते एवढंच, की पाण्याबद्दल मोकळेपणाने बोलावं आणि "यात प्रशासन कमी पडलं का?" या प्रश्नाला "हे तुम्ही प्रशासनाला विचारा, मी पाण्याचं सांगू शकते" असं उत्तर द्यावं. ते उत्तर पळपुटं नाही. धोरणाबद्दल बोलण्याइतका तुमचा अभ्यास त्या विषयावर नाही, हेही खरंच आहे.

टिपण कसं लिहायचं? मराठीत, युनिकोडमध्ये टाइप करून, व्हॉट्सअॅपवर सरळ मजकूर म्हणून पाठवा. इंग्रजी पेपराची पीडीएफ हवी तर सोबत जोडा, पण तिच्या भरवशावर राहू नका. संध्याकाळी तीन बातम्या द्यायच्या असलेला माणूस इंग्रजी सारांशाचं मराठी करताना काय करील, ते त्याच्या हातात नसतं. टिपण साधारण असं असू द्या: "नागपूर जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यातल्या इतक्या विहिरींचं पाणी आम्ही अमुक महिन्यांत तपासलं. त्यांपैकी इतक्या विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी हे पाणी वापरू नये. नायट्रेट कुठून आलं आणि गावातल्या लोकांच्या प्रकृतीवर काय परिणाम झाला, हे या अभ्यासात तपासलेलं नाही. विहिरीचं पाणी तपासून घेण्यासाठी अमुक ठिकाणी संपर्क करावा." वर एक मथळाही सुचवा, कारण मथळा बातमीदार देत नाही, डेस्क देतं, आणि डेस्कवर तुमच्याशी कुणाचंच बोलणं झालेलं नसतं. "विहिरींत नायट्रेट जास्त, उकळूनही जात नाही" यात बातमी आहे, धास्ती नाही, आणि दोन कॉलमांत मावते. असा मथळा तयार मिळाला तर डेस्क पुष्कळदा तोच ठेवतं. फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून बारीक करतं आणि छापायला निरुपयोगी होतो. फोटोत माणसं असतील तर त्यांना विचारून.

"छापण्याआधी बातमी मला दाखवा" असं म्हणू नका. ती मागणी बातमीदाराच्या कामावर अविश्वास दाखवते, आणि बहुतेक दैनिकांत तसं चालतही नाही. "माझ्या तोंडची वाक्यं आणि आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवाल का?" असं म्हटलं तर बहुतेक जण आनंदाने वाचून दाखवतात. चूक छापून यावी असं त्यांनाही वाटत नसतं, नाव त्यांचंही जातं. "हे छापू नका हं, पण..." असं काही सुरू करू नका. जे छापून यायला नको ते बोलूच नका. आणि या बातमीदाराने तुमचा पेपर स्वतः शोधून फोन केला आहे, म्हणजे त्याने मेहनत घेतली आहे. त्याची बातमी येईपर्यंत तेच टिपण दुसऱ्या चार जणांना वाटू नका. त्याची छापून आली की मग सगळ्यांना द्या.

वेळेचं थोडं. सकाळच्या मीटिंगमध्ये बातमीदार आपल्या दिवसाच्या बातम्या सांगतो, म्हणून सकाळी अकराच्या आत बोलणं झालं तर तो दिवसभर गावात फोन करू शकतो, अधिकाऱ्यांची बाजू घेऊ शकतो. संध्याकाळी सातला दिलेली बातमी फक्त तुमच्या शब्दांवर उभी राहते. आणखी एक गोष्ट नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी मोलाची आहे. गोंदिया, गडचिरोलीकडे आणि लांबच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी छापायला जाते. उशिरा दिलेली बातमी नागपूर शहरातल्या धरमपेठेत वाचली जाईल आणि ज्या गावात ती विहीर आहे तिथे पोचणारच नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असताना शक्यतो थांबा, सगळे बातमीदार विधानभवनात असतात. त्यातूनही छापून आलंच, तर एखादा आमदार ते कात्रण सभागृहात दाखवून लक्षवेधी मांडू शकतो. ते चांगलंच आहे, फक्त तुमचा प्रत्येक आकडा तिथे उभा राहील इतका पक्का हवा. तुम्हाला घाई नसेल तर २२ मार्चचा जागतिक जलदिन सोयीचा. त्या आठवड्यात प्रत्येक दैनिक पाण्याच्या बातम्या शोधत असतं आणि पुरवणीतही जागा मिळते.

टीव्ही आणि यूट्यूब चॅनलवाल्यांसाठी वीस सेकंदांत संपणारं उत्तर हवं. त्यांनी विचारलेला प्रश्न कापला जातो, म्हणून उत्तरातच विषय यावा: "विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट उकळल्याने जात नाही" असं पूर्ण वाक्य बोला, नुसतं "नाही, जात नाही" असं नको. आकाशवाणीला विसरू नका. त्यांचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम शेतात काम करता करता ऐकले जातात, आणि तिथे पाच-सात मिनिटं शांतपणे बोलता येतं, जे आता दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

"पण गप्प बसलं तर काय बिघडतं?" असं तुमचे गाइड विचारतील. तर त्यांना ३० मे २०२४ ची आठवण करून द्या. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवलं होतं, त्यामुळे देशभर सगळ्यांच्या नजरा अशा आकड्यांवर होत्या. ५६ बघता बघता सगळीकडे गेलं. वेधशाळेत माणसांनी घेतलेली त्या दिवसाची नोंद पंचेचाळीसच्या आसपास होती. ५६ हा आकडा संवेदकातल्या बिघाडाचा आहे, असं हवामान खात्याने सांगितलं. मुंगेशपूरच्या केंद्रातही नंतर तीन अंशांची चूक निघाली. भारतातलं आजवरचं सर्वाधिक अधिकृत तापमान ५१ अंशांचं आहे, राजस्थानात फलोदीला, मे २०१६ मधलं. जगातला विक्रम ५६.७ चा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये नोंदलेला. हे दोन आकडे ज्या बातमीदाराला फोनवर कुणी सांगितले असते, तो ५६ छापण्याआधी नक्की थांबला असता. आकडा संकेतस्थळावर सगळ्यांना दिसत होता, तो समजावून सांगणारा आवाज मात्र उशिरा पोचला. तुमचा पेपरही आता सगळ्यांना उघडा आहे. तुम्ही बोलला नाहीत म्हणून बातमी थांबणार नाही, ती तुमच्याशिवाय होईल.

याच कारणाने, बातमी नसतानाही संबंध ठेवा. शिक्षण किंवा आरोग्य बीटवरचा, म्हणजे तो विषय नेमून दिलेला बातमीदार रमण विज्ञान केंद्रातला कार्यक्रमही करतो आणि मेडिकल कॉलेजमधला संपही. विज्ञान हे त्याच्या पाच विषयांपैकी एक असतं. त्याला "हे खरं आहे का हो?" असं रात्री नऊला विचारायला एक नंबर हवा असतो. तुम्ही तो नंबर व्हा, तुमचा विषय नसेल तर योग्य माणसाचं नाव द्या, आणि "हा दावा चुकीचा आहे, छापू नका" एवढं सांगण्यासाठीही वेळ काढा. न छापल्या गेलेल्या चुकीच्या बातम्या कुणाला दिसत नाहीत, पण माझ्या मते या कामाचं निम्मं मोल त्यात आहे. शिवाय बातमीदार गावोगाव फिरतात. कुठल्या पाड्यात पाण्याला वास येतोय, कुठे कापसावर काय पडलंय, हे त्यांच्या कानावर आपल्याआधी येतं.

कापसावरून आठवलं, एकच निरोप दरवर्षी द्यावा लागतो तेव्हा बातमीदार म्हणतो, "मॅडम, मागच्या वर्षीही हेच दिलं होतं." २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर 'फरदड घेऊ नका', म्हणजे हंगाम संपल्यावरही कापसाचं पीक शेतात ठेवून पुन्हा वेचणी घेऊ नका, हे सांगताना असंच होतं. अशा वेळी निरोप तोच ठेवून त्यात हातात धरता येईल असं काही द्यावं लागतं: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करा. असा आकडा शेतकरी स्वतः मोजू शकतो, म्हणून तो पुन्हा छापला जातो. तुमच्या पाण्यासाठीही असं काही शोधा. गावात नायट्रेट तपासणीचं किट कुणाकडे आहे, नमुना कुठे द्यायचा, निकाल किती दिवसांत मिळतो, ही माहिती ताजी करून दर हंगामात देता येईल.

बातमीत चूक झालीच तर आधी स्वतःला विचारा, यामुळे वाचक उद्या काही चुकीचं करेल का? "पाणी उकळून प्या" छापून आलं असेल तर लगेच बातमीदाराला फोन करा, संपादकाला पत्र नंतर. नेमकं कुठलं वाक्य चुकलं आणि त्याजागी काय हवं ते एका ओळीत लिहून पाठवा आणि वेबवरची बातमी आधी दुरुस्त करायला सांगा. तुमचं पद चुकलं, संस्थेचं नाव अर्धं आलं, मथळा तुम्हाला भडक वाटला, तर सोडून द्या.

बातमी आल्यावर पुढचे काही दिवस फोन येतील, मोकळे राहा. "माझ्या विहिरीचं पाणी कसं आहे?" असं विचारणाऱ्याचं नाव, गाव आणि नंबर वहीत उतरवा आणि तपासणी कुठे होते ते सांगा. तीच वही पुढच्या नमुन्यांची यादी होईल. पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचं पाणी पुन्हा घ्या, आणि नायट्रेट कमी आलं असेल तरीही त्याच बातमीदाराला आणि त्याच सरपंचांना कळवा.